सोमवारचे तात्या

देव धुऊन काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

अंथुर्ण्याच्या अलीकडे आमच्या गावच्या फाट्यावर एक काळा दगड आहे. माथ्यावर कोरलेला घोडेस्वार, खाली चार नावं. पहिल्या महायुद्धात समुद्रापलीकडच्या एका बंदराचा वेढा मोडताना आमच्या गावचे हे चौघे पडले, त्यांचं ते स्मारक. पण आमच्याकडे घोड्यावर बसलेला पुरुष दिसला की तो खंडोबाच. रविवारी लोक दगडाला तेल लावून भंडारा वाहत. सोमवारी सकाळी तात्या साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन तो उतरवत.

तात्यांची डाळिंबाची बाग होती, पण सोमवारी बागेला सुट्टी. अक्षरांत बसलेला भंडारा ते काडीने कोरून काढत. तिसरं नाव, मालू, त्यांच्या आजोबांचं. "आमच्या आज्यानं नीरेपलीकडं काय बघितलं न्हवतं, आन् गेला समुद्रावरचं गाव सोडवाया," ते म्हणत. मी ग्रंथालय सांभाळायचो. ते येऊन नकाशांचं पुस्तक मागत, त्या बंदरावर बोट ठेवून थोडा वेळ बसत आणि पुस्तक परत देत.

एकदा एका म्हातारीने त्यांना हटकलं, "तात्या, देवाला आंघूळ घालताय का त्याची सालं काढताय?"

"आज्याचं तोंड धुतोय. तुजं काय जातंय?"

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. मी शुद्ध मराठीत तीन अर्ज लिहून दिले. कचेरीतून कळवण्यात आलं की असं स्मारक नोंदीत नाही, सबब दगड हटवण्यात येईल.

जेसीबी आला त्या सकाळी तात्या माझ्याआधी तिथं पोचले होते. हातात ब्रश नव्हता, भंडाऱ्याची पिशवी होती. तेल ओतून त्यांनी स्वतः चारही नावं बुजवली. चालक खाली उतरला, चपला काढल्या आणि नारळ कुठं मिळेल म्हणून विचारू लागला. रस्ता तिथं हातभर वळला तो वळलाच. माझे अर्ज शुद्ध होते, एवढं समाधान मला राहिलं.

त्यानंतरच्या सोमवारी तात्या माझ्या टेबलाशी येऊन बसले. नकाशा मागितला नाही. "आता धुतला तर देव जाईल. देव गेला की आज्याबी जाईल," म्हणाले.

वर्षभरात तेच गेले.

आता दगडावर पत्र्याचं छप्पर आहे. शेजारी देणगीदारांची पाटी आहे, त्यावरची पन्नासेक नावं लांबूनही स्वच्छ वाचता येतात. मी सोमवारी जातो. ब्रश नेत नाही. हात जोडून नुसता पुटपुटतो: राणू, संतू, मालू, बापू.

परवा शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "कंचा मंत्र म्हणायचा ह्यो?"

"तात्यांचा," मी म्हणालो.

त्यांनी पदर सावरला, डोळे मिटले. "जरा सावकाश म्हणा. मला पाठ करायचाय."