दोन ट्यूब आणि एक डबा

पल्लवीचा डावा डोळा जवळजवळ मिटला होता. गाल लालबुंद, ओठाच्या वरची कातडी सोललेली, हनुवटीवर पाणी सुटलेलं. शुक्रवारी सकाळी ती स्कार्फने तोंड झाकून आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या रिसर्च सेंटरवर आली. तिने स्कार्फ काढल्यावर डॉक्टर खुरानांचं वाक्य अर्धवटच राहिलं. हे गृहस्थ एरवी श्वास घ्यायलाही थांबत नाहीत.

"ताई, सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे," पल्लवी मला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रडण्याचं किती आणि सुजेचं किती, कळायला मार्ग नव्हता.

इंटरव्ह्यू म्हणजे सिव्हिल सर्व्हिसचा, शेवटचा टप्पा. बार्शीहून दिल्लीला येऊन, राजेंद्र नगरच्या एका खोलीत राहून ही मुलगी इथवर पोचली होती. (मुलींची नावं अर्थातच बदलली आहेत.) आणि बोर्डाने दिलेली तारीख आपल्या सोयीने पुढे ढकलून मिळत नाही.

मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. नव्या औषधाची चाचणी डॉक्टर करतात, औषध कंपनी बनवते, आणि या दोघांच्या मध्ये उभी राहून पेशंटला वेळेवर बोलावणारी, नियम समजावणारी आणि सगळ्यांचे फोन घेणारी ती मी. मयूर विहारहून मेट्रोची ब्लू लाइन पकडली की बसायला जागा मिळते, त्यामुळे नियम वाचायला वेळही मिळतो. या कामात नियमांवर प्रेम असावं लागतं. माझं आहे. नवऱ्याच्या मते जरा जास्तच आहे.

आमची ट्रायल मुरुमांवरच्या नव्या जेलची होती. अर्ध्या पेशंटना औषध असलेलं जेल मिळायचं आणि अर्ध्यांना औषध नसलेलं साधं जेल, ज्याला आम्ही बेस म्हणतो. दोन्ही ट्यूब सारख्याच पांढऱ्या, वर फक्त नंबर. कुणाला काय मिळालंय हे पेशंटला ठाऊक नसतं, डॉक्टरांना नसतं, मलाही नसतं. याला डबल ब्लाइंड म्हणतात. माहीत असलं की माणूस आपल्याला हवं तेच बघतो, म्हणून ही सोय.

पण पेशंटच्या जिवाला धोका असेल तर हा पडदा फाडता येतो. कंपनीच्या वेबसाइटवर पेशंटचा नंबर टाकायचा, उत्तर समोर येतं. याला कोड ब्रेक म्हणतात. एकदा केला की तो पेशंट ट्रायलमधून बाहेर, आणि का केला याची उत्तरं वर देत बसायचं. आमच्या सेंटरवर तो कधी करावा लागला नव्हता.

"काही दुसरं लावलंस का? क्रीम, घरगुती लेप? पार्लरला गेली होतीस?" मी विचारलं.

"नाही ताई."

"कोणती गोळी? काही नवीन खाल्लंस?"

"नाही."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मंजिरी जी, आँख के पास सूजन है. मुझे रिस्क नहीं लेना. कोड तोड़ते हैं."

मी नंबर टाकला. पडद्यावर उत्तर आलं: साधं जेल.

मला वाटलं होतं की उत्तर मिळालं म्हणजे सुटलो. झालं उलटंच. औषधाने चेहरा भाजला असता तर गोष्ट सरळ होती, अशा औषधांनी ते होतं आणि त्यावर काय करायचं हे ठरलेलं आहे. पण नुसत्या बेसने इतकी सूज? आणि बेस तर दोन्ही ट्यूबमध्ये असतो. म्हणजे आमचे सगळेच पेशंट, आणि देशभरातल्या इतर सेंटरवरचेही, रोज रात्री तेच तोंडाला फासत होते.

"वजह पता नहीं, तो एडमिट करना पड़ेगा," डॉक्टर म्हणाले. "एलर्जी है तो गले तक जा सकती है. तीन-चार दिन ऑब्ज़र्वेशन. और मैं गुड़गांव फ़ोन करके कहता हूँ, ट्रायल रोको."

गुडगावला कंपनीचं ऑफिस. तिथे ट्रायलच्या सुरक्षिततेसाठी एक डॉक्टर बाई बसतात, त्यांनी हो म्हटलं की सगळीकडचं काम थांबतं. पण त्या घडीला मला त्या फोनपेक्षा तीन-चार दिवस हे शब्द जास्त लागले. शुक्रवारपासून तीन-चार दिवस म्हणजे सोमवार गेला.

पल्लवीने शांतपणे स्कार्फची घडी घातली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर पल्लवीबरोबर आलेली शबनम बसली होती. ही परभणीची, तीही परीक्षेची तयारी करणारी, आणि तीही आमच्याच ट्रायलमधली. दोघी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळे पत्ते देऊन आल्या होत्या. क्लासमधल्या मैत्रिणी असतील, म्हणून सोबतीला आली असेल, असं मी धरून चालले होते.

ती दारात येऊन उभी राहिली. "सर, फ़ोन मत कीजिए." मग माझ्याकडे वळली. "ताई, ते साधं नाहीये. म्हणजे अर्धं नाहीये."

"शबनम, गप्प बस," पल्लवी म्हणाली.

"तू गप्प बस! सोमवार घालवणारेस का?"

मग सगळं बाहेर आलं. शबनमच्या घरमालकाने मजला रिकामा करायला सांगितला, तशी ती पल्लवीच्या खोलीत राहायला आली. दोघींनी ट्यूब शेजारी-शेजारी ठेवल्या. शबनमचं जेल लावलं की चुणचुणायचं आणि तिचे मुरूम मावळायला लागले होते. पल्लवीचं चुणचुणत नव्हतं आणि मुरूम जागचे हलत नव्हते. तुकडे जुळवायला काय लागतंय? दोघी हुशार.

"मग मला कसंतरी वाटलं, ताई," शबनम म्हणाली. "आम्ही नोट्स वाटून घेतो, टेस्ट सिरीज वाटून घेतो, जेवणाचा डबा वाटून घेतो. आणि इंटरव्ह्यू हिचा, जेल मला? यह तो ग़लत है ना यार. म्हणून दोन्ही ट्यूब पिळल्या, एका डब्यात कालवल्या आणि अर्धं-अर्धं केलं."

"कसल्या डब्यात?"

"श्रीखंडाच्या. म्हणजे त्यात पल्लवीच्या आईने शेंगदाण्याची चटणी पाठवली होती."

डॉक्टर दिल्लीचे असले तरी चटणी हा शब्द त्यांना कळला. "चटनी? मिर्ची वाली?"

"धोया था सर! गरम पानी से!"

मी कपाळावर हात मारला. नियमांत घरातल्या दोघांना ट्रायलमध्ये घेऊ नये असं लिहिलेलं आहे, कारण ट्यूबची चुकून अदलाबदल होते. नवरा-बायकोच्यात, बहिणींच्यात. पण कुणी माणुसकीपोटी औषध कालवून त्याचे समान वाटे घालेल, हे तो नियम लिहिणाऱ्या परदेशी माणसाच्या स्वप्नातही आलं नसणार.

डॉक्टर आता पल्लवीकडे वळले. आवाज एकदम मऊ. "बेटा, अब पूरा बता दो. पार्लर?"

पल्लवीने मान खाली घातली. "चेहऱ्याला वॅक्स केलं. परवा. इंटरव्ह्यूसाठी."

झालं, कोडं सुटलं. या जातीची औषधं कातडी नाजूक करतात. म्हणून ती एक दिवसाआड, मटारच्या दाण्याएवढी लावायची आणि हळूहळू वाढवायची असतात. शबनमने तसंच केलं होतं, तिची त्वचा सरावली होती. पल्लवीने मात्र पहिल्याच रात्रीपासून डब्यातलं बोटभर घेऊन रोज फासलं. त्यावर पार्लरवालीने वॅक्सची पट्टी ओढली, तिच्याबरोबर कातडीचा वरचा थर गेला. आणि त्या उघड्या कातडीवर पुन्हा रात्री जेल. सूज येणार नाही तर काय?

"आधी का नाही सांगितलंस?" मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही शबनमला काढलं असतं," ती म्हणाली. "तिचा चेहरा इतक्या वर्षांनी बरा होत होता."

यावर मला रागवायचं होतं. जमलं नाही. खरं तर त्या क्षणी मला इतकं हलकं वाटत होतं की दोघींना चहा पाजावा असं वाटलं. ॲलर्जी नव्हती. घशापर्यंत काही जाणार नव्हतं. कुणालाही ॲडमिट करायचं नव्हतं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले, मोठ्याने हसले आणि पूर्ववत बोलायला लागले, ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत.

जेल बंद, थंड पाण्याच्या घड्या, एक सौम्य मलम आणि साधं व्हॅसलीन. रोज फोटो पाठवायचा आणि जराही जास्त वाटलं तर लगेच यायचं. शनिवारी डोळा अर्धा उघडला. रविवारी सूज उतरली, फक्त पापुद्रे राहिले. प्रत्येक फोटो आला की मी तो डॉक्टरांना पाठवायचे आणि त्यांच्याकडून अंगठा यायचा. रविवारच्या फोटोला दोन आले.

गुडगावला फोन करावा लागलाच, पण ट्रायल थांबवायला नाही, दोघींना बाहेर काढल्याचं सांगायला. परत आलेलं औषध जसंच्या तसं सीलबंद करून पाठवायचं असतं. मी तो श्रीखंडाचा डबा, झाकणावर छापलेल्या 'आम्रखंड'सकट, सील केला, वर नंबर घातला आणि पाठवून दिला. काही दिवसांनी कंपनीकडून विचारणा आली, की आम्रखंड हा घटक कोणत्या पेशंटला देण्यात आला होता. त्यावर मी लिहिलेलं उत्तर ऑफिसात अजून मोठ्याने वाचलं जातं.

शबनमला डॉक्टरांनी बाजारात मिळणारं जुनं, पारखलेलं औषध सुरू केलं. तिचा चेहरा छान चाललाय.

सोमवारी दुपारी पल्लवी बोर्डासमोरून थेट द्वारकेला आली. निळी साडी, गालावर पापुद्रे, बरोबर अर्थातच शबनम.

"चेहऱ्याबद्दल काही विचारलं?" मी घाईने म्हणाले.

"एक शब्द नाही. बघितलंसुद्धा नसेल." ती हसली, मग हनुवटी ताणली म्हणून आई गं म्हणाली. "पण एकाने विचारलं, साधनं कमी आणि माणसं जास्त असतील तर वाटप कसं कराल? शबनम आठवली हो, मला हसूच फुटणार होतं."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, सर, सगळ्यांना सारखं देण्याआधी कुणाला काय सोसतं ते विचारून घेईन."

निवड झाली का, हे सगळे विचारतात. झाली. पण मला सुटल्यासारखं वाटलं ते त्या सोमवारीच.

आता मी प्रत्येक भेटीत पेशंटला विचारते, सध्या खोलीत बरोबर कोण राहतं? भांडकुदळ रूममेट असेल तर मी निश्चिंत असते. उत्तर देताना चेहरा खुलला, की ट्यूब परत मागून घेते आणि पिळून बघते.