पूर्णाकाठची नाव आणि पंचफुला

१९६७ साली मी खिरोळ्याला मास्तर म्हणून गेलो. गाव पूर्णेच्या उत्तर काठावर. शेगावचा बाजार, दवाखाना, रेल्वे, सगळं पलीकडे. पावसाळ्यात पलीकडे जायचं एकच साधन होतं, महादेवराव भोयांची नाव. उन्हाळ्यात नदी गुडघ्याएवढी व्हायची, मग ते वाळूत डांगरं-टरबुजं लावायचे. पाणी चढलं की पुन्हा वल्हं हातात.

नाव जुनी होती. आठ-दहा माणसं बसली की तळाच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागायचं. ते उपसायचं काम त्यांची एकुलती लेक पंचफुला करायची. मागच्या फळीवर बसून डब्यानं पाणी बाहेर टाकता टाकता ती प्रत्येकाची चौकशी करायची. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या घरी पाहुणे आले, सगळं तिला ठाऊक. मला पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "मास्तर, पवता येते का तुमाले?" मी नाही म्हटलं, तर म्हणाली, "मंग मधात बसा."

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. नवरा उंद्रीचा, भाजीपाला पिकवणारा, शांत माणूस. ती सासरी गेली आणि वल्हवणं नि उपसणं, दोन्ही महादेवरावांच्या एकट्याच्या अंगावर पडलं.

सत्तर साली भादव्यात पंचफुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. येताना शेगावच्या दवाखान्यात दाखवलं, तेव्हा नर्सबाईंनी सांगितलं, मूल आडवं आहे, घरी बाळंतपण करू नका, दिवस भरायच्या आठ दिवस आधीच इथं आणून ठेवा. अजून महिना होता.

महादेवरावांनी त्याच दिवशी शेगावच्या भंगारवाल्याकडून एक हातपंप आणला. तेलाच्या पिंपातून तेल काढायला असतो तसला, दांडा मागेपुढे केला की पाणी ओढणारा. "अवघडलेल्या पोरीले पाण्यात पाय ठेवून नाही न्यायचं मले," ते म्हणाले. पंप पक्का बसवायला मागची फळी उचलावी लागली. नाव काठावर ओढून फळी काढली, तर खालचं लाकूड कुजलेलं. बोट दाबलं तर आत गेलं.

मी शाळा सुटल्यावर घाटावर गेलो होतो. त्यांनी मला बोलावून ते दाखवलं.

"मास्तर, वरतून पत्रा ठोकू का सारंच काढू?"

"उघडलीच आहे तर पुरतं करून घ्या," मी म्हणालो. "महिना आहे अजून."

त्यांनी तळाच्या दोन फळ्या काढल्या. नवं लाकूड तासायला घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाच्या पोटात कळा सुरू झाल्या.

दुसरी नाव सात कोसांवर होती. उत्तरेच्या रस्त्यावरचा नाला तुडुंब भरलेला, बैलगाडी जाणं शक्य नव्हतं. मी शाळेला सुटी दिली आणि घाटावर धावलो. गावातली चार-पाच माणसं आधीच जमली होती. कोणी फळी धरली, कोणी खिळे ठोकले. वच्छलाबाईंनी, म्हणजे पंचफुलाच्या आईनं, घरातला कापूस आणला. तो जवसाच्या तेलात बुडवून महादेवराव एकेका सांध्यात बोथट छिन्नीनं ठोकून बसवत होते. मी डांबर तापवत होतो.

लेकीला काठावरच्या निंबाखाली बाजेवर आणून ठेवलं होतं. कळ ओसरली की ती मान उचलून बघायची.

"बा, किती वेळ लागन?"

"झालंच, माय."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "उजव्या अंगाच्या कोपऱ्यात जास्त कापूस घाला. तिथूनच लय पाणी येते." महादेवरावांनी तो कोपरा पुन्हा उघडला, पुन्हा भरला. छिन्नी दोनदा बोटावर बसली.

पंप बसायला दुपार टळली. डांबर वाळायची वाट न बघता नाव पाण्यात घातली. पाणी येतच होतं, पण पंपाचा दांडा मी एकसारखा हलवत राहिलो आणि ते नळीतून धार धरून नदीत पडत राहिलं. पंचफुला त्या धारेकडे पाहत होती. "हा आधीच आणला असता तं माहे हात वाचले असते, बा," ती म्हणाली आणि हसली. महादेवरावांनी वल्हं थांबवलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.

पलीकडे बैलगाडी मिळाली. दवाखान्यात पोचायला संध्याकाळ झाली.

मुलगा वाचला. पंचफुला वाचली नाही.

महादेवराव रडले नाहीत. नर्सबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळी आणली असती तं?"

"काका, ते नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

परतताना नावेत त्यांनी मलाही तेच विचारलं. पुरतं करून घ्या म्हणणारा मीच होतो. मी पंपाचा दांडा हलवत राहिलो. त्यांनी मला त्या बोलण्याची आठवण कधीही करून दिली नाही, आणि पुढं पाच वर्षं त्याच नावेत बसून मीही तो विषय काढायची हिंमत केली नाही.

नातवाला उंद्रीची माणसं घेऊन गेली. वर्षानं जावयानं दुसरं लग्न केलं. वच्छलाबाई नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एकदा जेवायला वाढताना मात्र त्या म्हणाल्या, "तुमी ते काम तिच्यासाठीच काढलं होतं. मले समजते. पण तुमच्याकडं पाहवत नाही मले." आणि सहा महिने भावाकडे जाऊन राहिल्या. परत आल्या, पण दोघांचं बोलणं कामापुरतंच राहिलं.

महादेवरावांनी नाव सोडली नाही. तिच्या दुरुस्तीचं काम मात्र ते चैत्रातच उरकायचे. बाळंतपणासाठी बाई न्यायची असली की नदी कशीही असो, हाक येताच निघायचे. अशा अकरा बाया माझ्यासमोर त्यांनी पलीकडे पोचवल्या. त्यातली एखादी पुढं लेकरू घेऊन परतायची आणि त्यांना दाखवायला लेकराच्या तोंडावरचा पदर बाजूला करायची. "लेकराले झाक, वारं हाये," असं म्हणून ते तोंड फिरवायचे आणि नाव काठापासून लोटायचे.