चांद्याची भाकर

कॉटन मार्केट ओलांडलं आणि चांद्या रस्त्यातच बसला. सक्करदऱ्याहून निघाल्यापासून त्याचं हेच चाललं होतं, थोडं चालायचं की बसकण मारायची. अंजनाबाई त्याच्याशेजारी उकिडव्या बसल्या आणि पदरानं त्याच्या तोंडाचा फेस पुसला.

मी एका सायकल रिक्षावाल्याला हाक मारली. त्यानं कुत्र्याकडे पाहिलं नि पाय पुन्हा पायडलवर ठेवला.

"तुम्ही बसा बाई. हे साहेब नाही बसत आपल्या गाडीत."

"काहून गा? गाडीले मखमल लावली हाय का?" अंजनाबाईंनी विचारलं.

"मखमल नाही माय, पोट लावलं हाय. कुत्रं बसवलेलं लोकायनं पाहिलं तं दिवसभर कोणी बसन का?"

अंजनाबाई हसल्या. आठवड्यात पहिल्यांदाच हसल्या असतील. "बरोबर बोलते पोट्टा," म्हणाल्या, आणि चांद्याला उठवून आम्ही बर्डीच्या रस्त्याला लागलो. सदर भागातला जनावरांचा दवाखाना शनिवारी दुपारीच बंद होतो, म्हणून घाई होती. चार दिवसांपासून चांद्याच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. काळाकुळकुळीत कुत्रा, कपाळावर पांढरा टिळा, पण कातडीची चमक गेली होती आणि पोट मात्र फुगलं होतं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. अंजनाबाई आमच्या गल्लीत शेवटच्या खोलीत राहत. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. नवरा वारलेला, एकुलती लेक पंचफुला मौद्याला दिलेली. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं रोज एक फूल.

त्या घरात चांद्याची चूल वेगळी नव्हती, गंज, म्हणजे पातेलं, तेवढा वेगळा होता. जर्मनचा, बुडाला पोचे आलेला. सकाळी ज्वारीची भाकर कुस्करून त्यात बिनमिठाच्या वरणाचं पाणी. संध्याकाळी खाटकाकडची वजडी उकडून, त्यात कोहळ्याच्या फोडी. तिखट नाही, कांदा नाही, शिजवलेलं हाड नाही, गोड तर मुळीच नाही. आणि सगळं ताजं. मी एकदा रात्रीची पोळी त्याच्यासाठी नेली, तर अंजनाबाईंनी ती माझ्या हातातच ठेवली.

"शिळं नको वं सुमती. लहानपणी माही माय घरोघरचं मांगून आणे, आंबलेलं, बुरशी आलेलं. ते आमी खाल्लं. माह्या दारचं जनावर नाही खानार."

गल्लीत बाया हसायच्या. "अंजनाचं कुत्रं व्हीआयपी हाय," असं अंजनाबाईंच्या शेजारच्या कुसुमताईच म्हणायच्या, पण त्यांचं हसणं प्रेमाचं होतं. सगळ्या गल्लीत अंजनाबाईंच्या घरचं पाणी पहिल्यांदा प्यायल्या त्या कुसुमताई. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायल्या आणि रिकामा तांब्या पालथा करून दाखवला. तेव्हापासून दोघींचं मीठसुद्धा एका बरणीतलं. म्हणून पंचफुलाच्या बाळंतपणाला जाताना अंजनाबाईंनी चांद्याला कुसुमताईंच्या स्वाधीन केलं. गंज दिला, भाकर कशी, वजडी कशी, सगळं दोनदोनदा सांगितलं. परत आल्या तेव्हा चांद्या जाड झाला होता. कुसुमताई म्हणाल्या, "माह्या हातचं मानवलं त्याले." अंजनाबाईंना बरंच वाटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. "लिव्हर सुजलंय. तेलकट नि गोड फार होतंय याला."

"साहेब, माह्या घरी तेलाची बाटलीच येवढी!" अंजनाबाईंनी बोटभर दाखवलं.

"तुम्ही देत नसाल. कोणीतरी देतंय."

परतीच्या वाटेवर कोण देत असेल, शाळेतली पोरं असतील, हॉटेलवाला असेल, असं मीच बोलत राहिले.

गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. जो चांद्या बर्डीवर पाय उचलत नव्हता, त्यानं दोरीला हिसका दिला आणि तुरुतुरु जाऊन कुसुमताईंच्या उंबऱ्याशी शेपूट हलवत उभा राहिला. आतून कुसुमताई ताट घेऊन आल्या. मोहरीच्या तेलात निथळणाऱ्या पोळ्या, वर गुळाचा खडा. मागं त्यांचा मुलगा गिरिधर उघड्या डोक्यानं उभा. पोळी त्याच्यावरून उतरवून कुसुमताई वाकल्या, आणि आम्हाला पाहून तशाच थांबल्या.

"कधीपासून वं कुसुम?" अंजनाबाईंनी विचारलं.

"तू मौद्याले होती तेव्हापासून. गिरिधरले साडेसाती हाय वं. नोकरी जाऊन राहिली होती त्याची. महाराज म्हणे काळ्या कुत्र्याले शनिवारी तेलाची पोळी दे. गल्लीत काळं दुसरं हाय कोठी?"

"अन् बाकीच्या बायाले कोणं सांगितलं?" कारण शेजारच्या दोन दारांतही ताटं तयार होती.

कुसुमताईंनी मान खाली घातली. "गुण आला तं सांगितलं मी. पोटचा पोरगा हाय अंजना. अन् मुकं जनावर, त्याले काय समजते?"

मी शनिवार पाळणारी, गुरुवारी दत्ताला जाणारी. उतारा कुत्र्याला घालतात हे मलाही नवीन नव्हतं. पण अंजनाबाई जे बोलल्या ते मी कधी मनात आणलं नव्हतं.

"पयले हे असंच आमच्या ओटीत टाकत होते. गिऱ्हानाचं, दुखन्याचं, उतरून टाकलेलं. माह्या सासूनं खाल्लं. छप्पन साली आमी ते घेनं बंद केलं. तू माह्या घरचं पानी पेली कुसुम, म्या तुले आपली समजलं. अन् तू तुह्या घरची पीडा पुन्हा माह्याच दारात टाकली. मी घेनार नाही म्हनून माह्या कुत्र्याच्या तोंडात टाकली."

कुसुमताई रडू लागल्या. अंजनाबाई ओरडल्या नाहीत. चांद्याला उचललं, एवढं जड कुत्रं, आणि घरात गेल्या.

त्या दिवसापासून दोघींच्या ओट्यांमध्ये हात दोन हात अंतर होतं, तिथं मधे अख्खं गाव असल्यासारखं झालं. चांद्या पातळ भाकरीच्या पाण्यावर हळूहळू सावरत होता. अशात मौद्याहून निरोप आला, पंचफुलाला ताप आहे, लगेच या.

अंजनाबाई सकाळीच माझ्या दारात आल्या. एका हातात चांद्याची दोरी, दुसऱ्यात तो पोचे आलेला गंज. कुसुमताई समोर ओटा सारवत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

"आता कोनावर टाकू, सुमती? तुलेच सांगून राहिली." गंज त्यांनी माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. "भाकर, वरनाचं पानी, कोहळं. डॉक्टर म्हणन तेव्हाच वजडी. अन् एक कबूल कर वं. कोनी देवाच्या नावानं काही आनलं, तू सोता गुरवारचा परसाद आनला, तरी याच्या तोंडात घालू नको. याले भूक लागते, तेवढ्यासाठीच याले खाऊ घाल. जमन का तुले?"