कानिफनाथाचा हुंकारा

आमच्या गावात रेकॉर्डवर आवाज असलेला माणूस एकच, आणि त्याच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं मशीन नव्हतं. मशीन माझ्याकडे. कर्णा माझा, बॅटरी माझी, सुया माझ्या. लग्न असो, जावळ असो, कानिफनाथाचा आवाज चार शिवारांत पोचवला तो या सूर्यभानने. आणि लोक मंडपात आले की विचारायचे, "कानिफनाथ कुठाय?" सूर्यभान कुठाय, असं एकानेही कधी विचारलं नाही. असो. माणसाने मन मोठं ठेवावं. मी ठेवलंय, म्हणून तर त्याच्याविषयी लिहायला बसलो.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, मढीपासून चालत गेलं तर फार लांब नाही. कानिफनाथ तिथल्या नाथांच्याच नवसाचा, म्हणून हे नाव. अंगाने काडी, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. यात्रांच्या दिवसांत तो एका लहानशा तमाशात झीलकरी म्हणून जायचा. म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागे कानावर हात ठेवून उभं राहायचं आणि त्याने टाकलेला सूर उचलून धरायचा. ऊसतोडीच्या दिवसांत बायको चांगुणाला घेऊन तो टोळीबरोबर कारखान्यावर जायचा. दोन्हीकडे तो मागच्या रांगेतच असे, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. मला वाटलं असतं.

पण त्याच्याकडे एक गोष्ट होती, ती आख्ख्या तालुक्यात कुणाकडे नव्हती. हुंकारा. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्यासमोर कुणीतरी हुंकारा द्यावा लागतो. 'हं', 'बरं', 'मंग?' असं कुणी म्हणत राहिलं तरच गोष्ट पुढे सरकते. हुंकारा थांबला की सांगणारा समजतो, मंडळी पेंगली, आणि तोही घोंगडं ओढून घेतो. कानिफनाथाचा 'मंग?' असा काही यायचा की समोरच्याला पोटातलं सगळं बाहेर काढल्याशिवाय राहवत नसे. त्याच्यापाशी तंबाखू मागायला गेलेला माणूस सासुरवाडीचं भांडण सांगून परत यायचा, आणि तंबाखू मागायची राहूनच जायची.

एकाहत्तर साली रंगपंचमीला मढीच्या यात्रेत पुण्याची कॉलेजातली पोरं आली. मानेवर रुळणारे केस, आणि पायाशी घागऱ्यासारख्या पसरलेल्या पँटी. यात्रेतल्या म्हाताऱ्या त्यांच्याकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. त्यांना म्हणे राजकारणावर एक वग बसवायचा होता, पण तो ढोलकीच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन. नाव ठेवलं होतं 'राजा बसला खुर्चीला'. त्यासाठी त्यांना मातीतला आवाज पाहिजे होता. यात्रेत मातीला तोटा नव्हता, पण दाढीवाल्या दिग्दर्शकाने बोट नेमकं कानिफनाथावर ठेवलं आणि त्याला पुण्याला नेलं.

वग चालला. पुण्यात चालला, मुंबईत चालला, आणि एका कंपनीने त्याची रेकॉर्ड काढायची ठरवली. ती रेकॉर्ड कशी झाली हे मी कानिफनाथाकडून ऐकलं, आणि पुढे दिग्दर्शक गावात आला तेव्हा त्याच्याकडूनही. दोघांचं जुळलं, म्हणून खरं मानतो.

मुंबईला काचेच्या खोलीत सगळ्यांना उभं केलं. तांबडा दिवा लागला की श्वाससुद्धा जपून घ्यायचा, असं बजावलं. गिटार वाजली, ड्रम वाजले, आणि राजाचं काम करणारा गायक सुरू झाला, "तुमच्या विहिरीला देतो सोन्याचा रहाट!" मागून कानिफनाथ म्हणाला, "मंग?"

दिवा विझला. काचेपलीकडचा साहेब बाहेर आला. कानिफनाथाला समजावलं की हे कागदावर नाही, इथे फक्त शेवटचा सूर धरायचा. तो 'व्हय' म्हणाला. पुन्हा दिवा लागला, पुन्हा रहाट आला आणि पुन्हा 'मंग?' आला. त्यात त्याची काही खोडी नव्हती. समोर माणूस एवढं मोठं काही सांगतोय आणि आपण मुक्याने उभं राहायचं, हे त्याच्या हिशेबी वाईट वागणं होतं. शेवटी त्याला बाहेर बाकावर नेऊन बसवलं आणि चहा पाजला. तर आत नवीनच पंचाईत झाली. राजाला गाता येईना. रहाटापाशी पोचला की तो अडायचा. वगाच्या प्रयोगांत त्याला कानिफनाथाच्या हुंकाऱ्याची सवय लागली होती, आणि तो नसला की त्याची आश्वासनं घशातच सुकायची. निमूटपणे कानिफनाथाला आत आणलं, आणि या खेपेला त्याच्या तोंडासमोर वेगळा माइक दिला.

रेकॉर्डवर ते असं आहे. "विहिरीला देतो सोन्याचा रहाट!" "मंग?" "रहाटाला देतो रेशमी दोर!" "मंग?" "दोराला बांधतो चांदीचा पोहरा!" "मंग?" इथे गिटार एकदम थांबते आणि राजा हळूच म्हणतो, "पाण्याचं बघू पुढच्या निवडणुकीला." मग ड्रम असे काही कोसळतात की माझ्या कर्ण्याचा पडदा दोनदा फाटला.

दिग्दर्शक रेकॉर्ड द्यायला स्वतः आला होता. कव्हरच्या पाठीमागे सगळ्यांची नावं छापलेली होती, कपडेपट सांभाळणाऱ्याचंसुद्धा. कानिफनाथाचं नाव नव्हतं. शेवटी 'आणि इतर' असं होतं. मी खवळलो, दिग्दर्शकाला दोन शब्द सुनावले. कानिफनाथाने मात्र त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि समाधानाने म्हणाला, इतर म्हंजी म्याच की. अशा माणसासाठी कुणी भांडावं?

रेकॉर्ड मारुतीच्या पारावर पहिल्यांदा लावली तेव्हा माझ्याकडून वेगाचा खटका चुकीचा राहिला, आणि राजा उंदरासारखा चिरकायला लागला. लोकांना वाटलं तसंच असेल, पुण्याचं आहे. ते मी कुणाला सांगितलं नाही. पुढे मात्र ती अशी गाजली की दूध घालणारा 'आज पाणी नाही घातलं' म्हणाला तरी घेणारी बाई 'मंग?' म्हणायची.

हे सगळं गमतीचं होतं तोवर बहात्तर साल आलं. पाऊस आदल्या वर्षीही धड झाला नव्हता. या वर्षी तो आलाच नाही. विहिरी कोरड्या पडल्या. दसऱ्याच्या आधीच आसाराम मुकादम ऊसतोडीची टोळी जमवायला गावात फिरू लागला. कुणी नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. गावात राहून खायचं काय?

चांगुणाला सातवा लागला होता. तिचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी कारखान्यावर झालं होतं, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत, पौषाच्या थंडीत. ते जगलं नाही. त्यानंतर तिने त्याविषयी कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण या खेपेला तिने नवऱ्याला सांगितलं, "म्या कोपीत न्हाई बाळंत व्हनार. तुमी काय बी करा." काय करणार? कानिफनाथाला काही करता येत नव्हतं. एकच वाट होती. गावाच्या ओढ्यावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं, तर त्यांना गावातच मजुरी मिळाली असती. ते काम काकासाहेबांच्या हातात होतं.

काकासाहेब आमच्या भागातले पुढारी. स्वतः मंत्री नव्हते, पण मंत्री त्यांना विचारून पान खात. ते गावात सभेला येणार असं कळलं, तसा सरपंचाला घाम फुटला. कारण त्या रेकॉर्डमधला राजा म्हणजे आपणच, असं काकासाहेबांना कुणीतरी पटवून दिलं होतं. खरं तर पुण्याच्या पोरांनी काकासाहेबांचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण दर तालुक्यातल्या पुढाऱ्याला तो राजा आपणच वाटायचा, आणि त्यात त्यांचं फार चुकत होतं असंही नाही. सरपंचाने मला रेकॉर्ड धान्याच्या कणगीत पुरायला लावली, आणि कानिफनाथाला सभेत तोंड दाखवायचं नाही असं बजावलं. कणगीत धान्य नव्हतंच, त्यामुळे पुरायला त्रास झाला नाही.

सभेला माझाच कर्णा होता. काकासाहेब उठले, माइक ठोकला, आणि पहिलंच वाक्य बोलले ते हे की, आमच्यावर गाणी म्हणणारा तो मिशीवाला इथलाच ना? त्याला बोलवा. दोघेजण जाऊन कानिफनाथाला घेऊन आले. मला वाटलं, गेला तलाव.

पण काकासाहेब हसत होते. त्यांनी त्याला व्यासपीठावर आपल्या पायाशी बसवलं, आणि लोकांना सांगितलं की काकासाहेबाला चेष्टा सोसते हे आज सगळ्यांनी बघावं. "मी बोलतो," ते त्याला म्हणाले, "तू तुझा हुंकारा दे. रेकॉर्डवर देतोस तसा."

कानिफनाथाने एकदा बायकांच्या घोळक्याकडे बघितलं. चांगुणा भिंतीला टेकून बसली होती.

काकासाहेब म्हणाले, दुष्काळ मोठा आहे. मंग? लोक हसले. सरकार तुमच्या पाठीशी आहे. मंग? पुन्हा हसू. या सरकारने ठिकठिकाणी कामं काढली आहेत. मंग? आता हसू जरा कमी झालं, कारण कानिफनाथाचा आवाज बदलला होता. तो रेकॉर्डवरचा आवाज नव्हता. खरंच पुढे काय, ते ज्याला कळायलाच हवं, त्या माणसाचा आवाज होता तो. मी बॅटरीच्या तारा उगाच चाचपत बसलो.

काकासाहेब नेहमी इथेच थांबत. त्यांच्या सगळ्या सभा मी वाजवल्या आहेत, मला ठाऊक आहे. कामं काढली आहेत, जय हिंद, हार. पण हुंकारा मिळाला की थांबता येत नाही. तुमच्या गावालाही काम मिळेल, ते म्हणाले. मंग? पाझर तलाव मिळेल. मंग? ओढ्यावर, खंडोबाच्या माळाखाली. मंग? सगळ्या गावाला तिथेच मजुरी मिळेल, कुणाला घर सोडायला नको. मंग? काकासाहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. शेजारी तहसीलदार ताठ होऊन ऐकत होते. "सोमवारी," काकासाहेब म्हणाले. "येत्या सोमवारी काम सुरू."

कानिफनाथ गप्प झाला. गोष्ट कुठे संपली हे हुंकारा देणाऱ्याला कळतं.

टाळ्या कशा पडल्या ते सांगत नाही, कर्ण्यातून शिट्टी निघाली एवढंच सांगतो. जीपपाशी काकासाहेबांनी कानिफनाथाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जरा जडच होता. "तू मला लई लांब नेलंस रे," ते म्हणाले.

"म्या कुठं, साहेब?" कानिफनाथ म्हणाला. "म्या तर बसून हुतो. चालत तुमी हुता."

काकासाहेब हसले की नाही, ते धुळीत दिसलं नाही. पण शब्द त्यांचाच होता आणि तो तहसीलदारांच्या देखत गेला होता. सोमवारी ओव्हरसियर फीत आणि चुन्याची फक्की घेऊन हजर झाला. खंडोबाच्या माळाखाली पांढरी रेघ पडली. मी पुढे एकदा कानिफनाथाला विचारलं, हे सगळं तू ठरवून केलंस का? तो म्हणाला, एवढं डोकं असतं तर ऊस कशाला तोडला असता? मला ते अजून पुरतं पटलेलं नाही.

त्या आठवड्यात आसारामच्या गाड्या आल्या. काही घरं गेली, पुष्कळ राहिली. कानिफनाथाच्या दारात येऊन आसाराम बराच बडबडला, रेकॉर्डवाला आता साहेब झाला म्हणाला, आणि पुढे गेला. चांगुणा उंबऱ्यात उभी होती. शेवटची गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या कामावर जाताना मी कानिफनाथाला हाक मारायला गेलो. कारखान्यावर मध्यरात्र उलटली की उठून, भाकऱ्या थापून, अंधारातच फडात जायची चांगुणाची बरीच वर्षांची सवय. आता दारातून ऊन थेट तिच्या अंथरुणापर्यंत आलं होतं आणि ती पोटावर हात ठेवून गाढ झोपली होती. कानिफनाथ चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. कडेने करपत होती ती, मधे कच्ची राहत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी बाहेर ओट्यावर बसलो. पिठाने माखलेल्या हातांनी तो दारापाशी आला आणि ऊन तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.