गिरजाकाकूंचा तळहात

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्ही माझं प्रवचन कधी ऐकलं असेल, परभणीत किंवा झरीला, तर सुरुवातीला मी हिमालयातल्या माझ्या गुरूंना हात जोडतो ते पाहिलं असेल. ते गुरू — कसं सांगू? — कधी नव्हतेच.

गेलो होतो मी, अठरा दिवस. एका आश्रमात सतरंजीवर झोपलो आणि सर्दी घेऊन आलो. जे काही कळलं ते गंगाखेडला, आमच्या शेजारच्या गिरजाकाकूंच्या ओसरीवर. काकू विधवा, गोधड्या शिवून पोट भरायच्या. आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, हे लहानपणापासून करतच होतो. पण बघायचं कसं, ते काकूंनी शिकवलं. "लिंग ऱ्हाऊ दे. हात थरथरायलाय तो बघ आधी. मन तिथं हाय." सहा वर्षं रोज सकाळी त्यांच्यासमोर बसलो.

पुढं लोक विचारू लागले, गुरू कोण? गोधड्या शिवणारी बाई — असं चारचौघांत कोण सांगणार? मी हिमालय सांगितला. काकूंच्या कानावर गेलंच. हसल्या. "लय थंडी असंल की रे तुझ्या गुरूला. एखादी गोधडी धाडू का?" मग सुई खाली ठेवून म्हणाल्या, "मी गेल्यावर लिंग माझ्या हातावर तू ठेव. तेवढं कर." आमच्यात माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. मी हो म्हणालो.

काकू गेल्या. मी गेलो — नाही असं नाही. पण मागं उभा राहिलो. पुढं सगळी माझं प्रवचन ऐकणारी माणसं. विधी करणाऱ्या जंगमस्वामींनी विचारलं, "काकू म्हणत होत्या, माझा एक शिष्य हाय. आलाय का?"

मी काय केलं? मान खाली घातली. दुःखानं घातली असं वाटावं, अशी.

स्वामींनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनीच लिंग ठेवलं. पुतण्यानं काकूंची बोटं मिटली.

माती लोटून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "महाराज, तुमी दोन शब्द बोला." मी पुढं झालो. हिमालयातल्या गुरूंना हात जोडून बोललो. चांगलं बोललो.

हात अजिबात थरथरत नव्हता.