जहाजाचे पॅनल आणि आबांचा कूलर

त्या आठवड्यात तिसऱ्यांदा तेच घडले. दोन्ही एक्स्ट्रूडर थांबले. आबांच्या केबिनमधला कूलर मात्र वाळ्याचा गार वास सोडत फिरत राहिला.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइप कारखान्यात मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. एक्स्ट्रूडर म्हणजे शेवेच्या सोऱ्याचे थोरले भावंड: प्लॅस्टिकची भुकटी वितळवून साच्यातून पाइप बाहेर ढकलणारे यंत्र. ते मध्येच थांबले की आतला माल करपतो. घशाला टोचणारा आंबूस धूर शेडभर पसरतो आणि बॅरल, म्हणजे यंत्राची तापती नळी, खरवडण्यात अख्खा दिवस जातो.

दुपारी तीननंतर वीज जात असे. दुसरी पाळी चालावी म्हणून आम्ही गुजरातच्या किनाऱ्यावर भंगारात काढलेल्या एका जहाजाचा जनरेटर आणला होता, त्याच्या पॅनलसकट. पॅनल म्हणजे वीज वाटणारे कपाट. प्रत्येक वाटेवर एक ब्रेकर, म्हणजे आपोआप तुटणारा मोठा खटका. हा जनरेटर घ्यावा, असे मीच सुचवले होते.

मालक, म्हणजे आबा, शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, हे जहाज तापीत सोडायचे होते का?"

"दोन दिवस द्या, आबा."

"एकच देतो. उद्या थांबले तर दुसरी पाळी बंद. बत्तीस माणसे घरी बसवणे जिवावर येते, पण रोज माल जाळू का?"

सकाळी मी पॅनलपुढे स्टूल टाकून बसले. एक गोष्ट खटकत होती. जनरेटर दमला असता, तर सगळेच बंद पडायला हवे होते. इथे काही वाटा तुटत होत्या, काही जाग्या राहत होत्या. कोणीतरी निवड करत होते.

पॅनलवर रंगाचे थर होते: वर राखाडी, खाली हिरवा, त्याखाली पिवळट पांढरा. मी ते पत्र्याच्या तुकड्याने खरवडत गेले, तशा ब्रेकरखालच्या पितळी पट्ट्या एकेक करून उघड्या पडल्या. डावीकडे गॅली, लॉन्ड्री, केबिन फॅन. गॅली म्हणजे जहाजाचे स्वयंपाकघर. उजवीकडे स्टिअरिंग गिअर, म्हणजे सुकाणू फिरवणारी यंत्रणा. आणि नेव्हिगेशन लाइट्स, म्हणजे आपण दुसऱ्या जहाजांना दिसावे म्हणून लावायचे दिवे. मधल्या रिलेवर, म्हणजे ब्रेकरना तुटण्याचा हुकूम देणाऱ्या डबीवर, कोरले होते, 'प्रेफरन्शियल ट्रिप'.

कॉलेजच्या पुस्तकात या शब्दांना एकच परिच्छेद मिळाला होता. भर समुद्रात भार वाढला, तरी जनरेटर बंद पडू द्यायचा नाही. आधी स्वयंपाकघर सोडायचे, धुलाई सोडायची, पंखे सोडायचे. सुकाणू आणि दिवे अखेरपर्यंत धरून ठेवायचे. पाण्यावर संकट आले तर हातातले काय आधी सोडावे, याची यादी कोणा अनोळखी माणसाने या कपाटात तारांनी लिहून ठेवली होती. आमचे एक्स्ट्रूडर होते गॅली आणि लॉन्ड्रीवर. सुकाणूवर आबांची केबिन.

जोडणी नानांची होती. नाना आमचे ज्येष्ठ वायरमन, शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलणारे.

"नाना, केबिन इकडे का जोडली?"

"ताई, मालक शेतस ना आबा! बठ्ठास्मा चांगला ब्रेकर त्यास्ले नको का?" मालकाला सगळ्यांत चांगला ब्रेकर दिला तरी ही विचारणा, म्हणून नाना जरा दुखावले.

"आता ती डावीकडे न्यायची."

"मी नही सांगस आबाले. तुम्हीच सांगा."

मी सांगितले. आबांनी चष्मा काढून पट्ट्या वाचल्या.

"म्हणजे जहाजाच्या लेखी माझा कूलर सुकाणू?"

"हो. आणि तुमचे एक्स्ट्रूडर धुण्याचे कपडे."

नानांनी तोंड भिंतीकडे फिरवले. आबा मात्र मोठ्याने हसले. "वैशाखात मला उकडवणार तुम्ही. करा बदल."

तीनच्या आत आम्ही केबल बदलल्या. एक्स्ट्रूडर आणि पाइप निववणारे पाण्याचे पंप उजवीकडे. केबिन, कॅन्टीन आणि मोडका पाइप दळणारा ग्राइंडर डावीकडे. वीज गेल्यावर मी मुद्दाम सगळा भार टाकला. जनरेटरचा सूर खर्जात उतरला. पायाखालची फरशी थरथरली. मग पॅनलमध्ये बारीकसा 'टक' झाला. ग्राइंडर थांबला, केबिनच्या खिडकीतला कूलर गप्प झाला. जनरेटरचा सूर हळूहळू पुन्हा वर चढला, आणि साच्यातून करडा पाइप न अडखळता येत राहिला, ऊन, ओला, चकाकणारा.

आबा मान पुसत बाहेर आले. "माझ्याकडची वीज गेली, मॅडम."

"पाळी चालू आहे, आबा."

ते सरकणाऱ्या पाइपकडे पाहत राहिले. "मग राहू द्या."

दुसरी पाळी टिकली. मी पॅनलवर मराठीत दोन याद्या चिकटवल्या, 'आधी सुटणारे' आणि 'शेवटपर्यंत राहणारे'. पुढे कोणीही नवी जोडणी मागायला आले की नाना हातातला पाना खाली न ठेवता विचारत, "हाई बंद पडनं तर काय बिघडी?" ज्याला चटकन उत्तर देता आले नाही, त्याची जोडणी पहिल्या यादीत गेली. बहुतेकांची तिथेच गेली.