म्हशीवर लिहिलेली गाय

परवा सांगलीला लेकीकडे गेले होते. नातीने मोबाईलवर एक खेळ पुढे केला... चित्र येतं, त्यावर मुद्दाम भलताच शब्द लिहिलेला असतो, आणि आपण फक्त चित्राचं नाव पटकन सांगायचं. मी तिसऱ्याच चित्राला घसरले. नात म्हणाली, "आजी, तू स्लो आहेस."

मी हसले. कारण हेच मी पन्नास वर्षांपूर्वी साताऱ्यात ऐकलं होतं, जरा शुद्ध मराठीत... तेव्हा मात्र हसले नव्हते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी साताऱ्यात डी.एड. करत होते, गाव रहिमतपूरजवळचं. छप्पन्न साली आमचं धर्मांतर झालं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, आणि आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली.

मानसशास्त्राच्या सरांनी एक दिवस वर्गात कार्डं आणली. स्वतः घड्याळ धरून एकेकीला पुढे बोलवायचे. म्हशीचं चित्र आणि त्यावर 'गाय', विळ्याचं चित्र आणि त्यावर 'कोयता'... असली सगळी कार्डं.

सगळ्याच अडखळल्या. बाकीच्यांना सर म्हणाले, "घाई झाली, होतं असं." मला म्हणाले, "तुझं मन ठिकाणावर नसतं. असलं चंचल डोकं घेऊन तू मुलांना काय शिकवणार?" वहीत माझ्या नावापुढे शेरा मारला आणि सराव पाठांच्या यादीतून माझं नाव काढून टाकलं.

सराव पाठ म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन वर्ग घ्यायचा. ते झाले नाहीत तर परीक्षेला बसता येत नव्हतं. म्हणजे शिक्षण संपलं, आणि आईबरोबर दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, तण काढायला जायचं.

खरं सांगते, रडू नाही आलं. राग आला... लय राग आला. सगळ्या अडखळल्या आणि शेरा एकटीला?

शनिवारी एस.टी. पकडून गावी गेले. घरात जुन्या लग्नपत्रिका होत्या, त्यांच्या कोऱ्या बाजूवर बसून वीस चित्रं काढली. प्रत्येकावर ठळक अक्षरात चुकीचा शब्द लिहिला. स्वतःवरच सराव करायचा, आणि सोमवारी सरांसमोर धडाधड म्हणून दाखवायचं, असा बेत होता. पण किती वेळा केलं तरी जीभ अडकायचीच.

रविवारी सकाळी आई भाकऱ्या थापत होती. मी वैतागून कार्डं तिच्यापुढे धरली. पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणत गेली, "म्हस. इळा. कोंबडी. बादली..." विसाच्या वीस बरोबर, एकदाही न थांबता. वर मला म्हणाली, "झालं? एवढ्यासाठनं तुजं सर अडून बसल्यात व्हय?"

आईला ती अक्षरं म्हणजे कागदावरच्या मुंग्या होत्या, तिला कशाला नडतील? मला मात्र ती न वाचणं जमतच नव्हतं. एकदा वाचायला आलं की डोळे आपल्याला विचारत नाहीत, वाचून मोकळे होतात. मग चित्राचं नाव आणि तो शब्द, दोघेही एकदमच तोंडात येतात आणि आधी कोणी बाहेर पडायचं यावरून भांडतात.

शब्द बदलून बघितले तेव्हा आणखी एक गंमत दिसली. म्हशीवर 'छत्री' लिहिलं तर फारसं बिघडत नव्हतं, पण 'गाय' लिहिलं की हमखास अडकायला व्हायचं. शेवटी नडते ती भावकीच... शब्दांतसुद्धा.

सोमवारी तास सुरू झाला आणि मी उभी राहिले. म्हटलं, "सर, कार्डं मी आणलीत. आज तुम्ही सांगा, घड्याळ मी धरते." आणि घड्याळासाठी हात पुढे केला.

सर हसत तयार झाले. पहिली तीन कार्डं नीट गेली. चौथ्यावर कोंबडी काढली होती आणि लिहिलं होतं 'बदक'. सर स्पष्ट आवाजात म्हणाले, "बदक."

मी म्हटलं, "सर, माझ्या आईने वीसच्या वीस बरोबर सांगितली. तिला वाचता येत नाही. आपण अडखळतो ते वाचता येतं म्हणून. मग शेरा माझ्या एकटीच्याच नावापुढे का?"

सरांनी घड्याळ माझ्या हातातून परत घेतलं. चूक झाली असं काही म्हणाले नाहीत. पण गुरुवारी यादी लागली, त्यात माझं नाव होतं. शेरा खोडला की नाही ते मला माहीत नाही, मी विचारायलाही गेले नाही.

पुढे पाटणकडच्या एका शाळेत नोकरी लागली. आईला घेऊन गेले. शाळा सुटली की तिच्या हातात पाटी द्यायचे. पहिले काही महिने ती नुसती चिडायची, "आता माजं वय हाय का ह्ये," म्हणायची. तरी रोज पाटी घेऊन बसायची.

वर्ष-दीड वर्षाने ट्रंक आवरताना तीच कार्डं सापडली. सहज म्हणून पहिलं तिच्यापुढे धरलं.

आई थांबली. ओठ हलले. "गा..." म्हणाली आणि तिने जीभ चावली. मग माझ्यावरच डाफरली, "म्हशीवर गाय कुनी ल्हिलंय गं? चुकीचं हाय ह्ये."

मी तिच्या गळ्यात पडून हुंदके देत रडले. आपलं काय चुकलं तेच तिला कळेना.

म्हणून परवा नातीला सांगितलं... स्लो तर स्लो, बाई. एवढं स्लो व्हायला तुझ्या पणजीला पन्नाशी गाठावी लागली.